काका वर थांबतात

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काकांवर दोन पानं लिहून दे, असा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. काकांना पंच्याहत्तर पूर्ण होतायत, हॉल बुक झालाय, औक्षण आहे, आणि ज्यांनी ज्यांनी काकांबरोबर ट्रिपा केल्या त्या सगळ्यांनी आठवणी लिहायच्या आहेत. "गोड लिही हं," सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तुझं तोंड माहितीये आम्हाला." मी अर्धं पान गोड लिहून दिलं. त्यात काकांची शिस्त आहे, उत्साह आहे, निःस्वार्थीपणा आहे. ते छापून येईल. हे जे लिहितेय ते उरलेलं दीड पान. लांबलं तर लांबलं. हे लिहिताना मला राग आलेला आहे, हे आधीच सांगून ठेवते. चार वर्षं झाली, तो गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी काही विशेष खटपटही केलेली नाही.

काका आमच्या, शिकागोजवळच्या नेपरव्हिलचे. कुणाचेच सख्खे काका नाहीत, पण इथे मराठी माणूस नवीन राहायला आला की खोकी उघडायच्या आत त्याला त्यांचा फोन जातो. किराणा कुठे मिळतो, डेंटिस्ट कोण चांगला, हे सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला. पार्क किती केलेत? पार्क म्हणजे नॅशनल पार्क. पार्क बघायचा नसतो, करायचा असतो, हे त्यांचं वाक्य. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा सिॲटलला, नोकरीतून रिटायर झालेले. वर्षातून एकदा दहा-बारा माणसं गोळा करून त्यांना एखाद्या पार्कला घेऊन जाणं, एवढ्यासाठी हा माणूस उरलेले अकरा महिने जगायचा.

जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, त्यांच्या बेसमेंटमध्ये मीटिंग व्हायची. टेबल टेनिसच्या टेबलावर नकाशा पसरलेला, त्याच्या चार कोपऱ्यांवर लोणच्याच्या चार बरण्या. प्रत्येकाने आपापले चालायचे बूट घेऊन यायचे. काका एकेक बूट उलटा करून तळ बघायचे, अंगठ्याने दाबायचे, आणि पसंत नाही पडला तर बाजूला ठेवून द्यायचे. माझ्या नवऱ्याचे नवेकोरे बूट त्यांनी मॉलमध्ये फिरायचे म्हणून नापास केले होते. त्यांचे स्वतःचे बूट दाराशी असायचे. तपकिरी, जाड, घोट्याच्या वर येणारे, आणि तळ असे स्वच्छ की दुकानातून आजच आणलेत. काका वस्तू किती जपून वापरतात, असं आम्ही कौतुकाने म्हणायचो. आम्ही सगळे इंजिनियर, बरं का.

ट्रिप सुरू झाली की आपलं नाव संपलं. व्हॅनमधल्या सीटला नंबर, आणि सीटचा जो नंबर तोच माणसाचा. मी चार नंबर, नवरा तीन, माझी लेक सहा. "चार नंबर, पाणी प्या." "नऊ नंबरला उलटी होतेय, आलं द्या." काकांच्या गळ्यात स्टीलची शिट्टी. दोन छोट्या वाजल्या की आवरतं घ्यायचं, एक लांब वाजली की व्हॅनमध्ये. वेळापत्रक छापलेलं, प्रत्येकाला एक प्रत. कड्यावर आठ मिनिटं, धबधब्याला पंधरा, टॉयलेटला सहा. कुणी गयावया केली, काका, अजून पाच मिनिटं द्या ना, तर उत्तर ठरलेलं.

"पाच मिनिटं घरी गेल्यावर घ्या."

हे ते हसून म्हणायचे, त्यामुळे कुणाला राग यायचा नाही. मलासुद्धा तेव्हा यायचा नाही. उलट ऑफिसमध्ये मीटिंग लांबली की मी तेच वाक्य मनात म्हणायचे.

आणखी एक. काकांच्या बॅगेत शॉवर कॅपांचा गठ्ठा असायचा. दिसेल त्या मोटेलमधून उचललेल्या. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी माणसाला अशी काहीतरी खोड लागते. मग एकदा केबिनमध्ये राइस कुकर लावून, छोट्या शेगडीवर फोडणी करायच्या आधी काका खुर्चीवर चढले आणि छतावरच्या स्मोक अलार्मला शॉवर कॅप घातली. मोहरी तडतडली, अलार्म गप्प. खाली उतरून म्हणाले, आता हिंग. माझी लेक तोंडाचा आ करून बघत होती. शाळेत तिने हे सांगितलं तर आपलं काय होईल, याची मला दोन आठवडे धास्ती होती. पण ती खिचडी मी अजून विसरलेले नाही, हेही खरं आहे.

आणि काकांचं सगळ्यात प्रसिद्ध वाक्य. व्हॅन पार्किंगला लागली, सगळे उतरले, पाण्याच्या बाटल्या भरल्या, टोप्या चढल्या, की काका व्हॅनच्या दाराला टेकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "तुम्ही जाऊन या. मी वर थांबतो, सामान बघतो." अमेरिकेतल्या नॅशनल पार्कच्या पार्किंगमधून थेपले कोण चोरणार होतं, देव जाणे. फार तर अस्वल. पण आम्ही भारावून जायचो. केवढा त्याग! स्वतः सातव्यांदा आलाय माणूस, त्याला काय अप्रूप, पण आपल्यासाठी उन्हात उभा राहतो. परत आलो की थर्मासमधला चहा तयार, आणि कुणी काय पाहिलं, काय चुकवलं, याची उलटतपासणी. डावीकडचं जळकं खोड पाहिलंत? नाही? मग काय पाहिलंत? प्रत्येक वळण त्यांना तोंडपाठ.

त्या वर्षी माझी आई आली होती. सहा महिन्यांसाठी. ती अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवायची, तीसच्या वर वर्षं. सातवीला वनस्पतींचा धडा आला की ती जगातल्या सगळ्यात मोठ्या झाडाबद्दल सांगायची. धड्यात ते एका ओळीपुरतं होतं. पण एका ओळीने मुलांना काय कळणार, म्हणून ती अख्खा वर्ग मैदानात न्यायची, मुलांना हात धरून गोल उभं करायची आणि सांगायची, हे एवढं खोड. मुलं कमी पडली तर शिपाईमामाला बोलवायची, तरी नाही पुरलं तर स्वतः उभी राहायची. मग गोलाच्या मधली रिकामी जागा बघायला सांगायची. मी स्वतः त्या गोलात उभी राहिलेली आहे. माझ्या एका हातात शिपाईमामांचा हात होता आणि तो फार खरखरीत होता.

तर आईला ते झाड बघायचं होतं. बाकी काही नको. शिकागोचे उंच टॉवर तिने "बरे आहेत" म्हणून निकालात काढले होते. गुडघे गेलेले होते दोन्ही, आणि परत एवढा प्रवास जमेल असं तिला वाटत नव्हतं. ती हे रडून वगैरे सांगत नव्हती. मार्कांची यादी वाचावी तसं सांगत होती. एवढं झाड बघू दे, मग मला परत बोलावू नका. मी काकांना विचारलं, काकांनी लगेच पाच नंबरची सीट दिली, खिडकीची. म्हणाले, वहिनींना मी दाखवतो झाड.

हे वाक्य मी लक्षात ठेवलं आहे. वहिनींना मी दाखवतो झाड.

विमानाने कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो, तिथून व्हॅन, वळणावळणाचा घाट. आई खिडकीला नाक लावून. झाडं हळूहळू जाड व्हायला लागली तशी ती माझ्या लेकीला सांगायला लागली. ह्या झाडाची साल हातभर जाड असते, म्हणून वणव्यात जळत नाही. उलट आगीच्या धगीने ह्याची फळं उघडतात आणि बी खाली पडतं. आग लागल्याशिवाय ह्याचं पोर जन्माला येत नाही. लेक इंग्रजीत प्रश्न विचारत होती, आई मराठीत उत्तरं देत होती, आणि दोघींचं झकास चाललं होतं. काका पुढच्या सीटवरून मान वळवून ऐकत होते. माहिती सांगायची सोडून काका ऐकतायत, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

पार्किंगला उतरलो. झाड खाली दरीच्या बाजूला, अर्धा मैल उतार, आणि मध्ये पायऱ्याच पायऱ्या. उतरताना गुडघे, चढताना गुडघे आणि दम. हवा विरळ. आईने पाटी वाचली, पायऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हळूहळू जाऊ, बसत बसत. काकांनी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं उतरायला, बारा झाडापाशी, तीस चढायला. आईला घेऊन ते दोन तासांचं काम होतं, आणि पुढे अजून दोन स्पॉट होते.

"वहिनी, तुम्ही नको. उगाच पडलात बिडलात तर पंचाईत. मी वर थांबतोच आहे. आपण चहा घेऊ."

माझी लेक म्हणाली, "व्हाय डोन्ट वी जस्ट आस्क अ रेंजर? देअर मस्ट बी अनदर वे फॉर ग्रँडमाज."

दहा वर्षांची मुलगी. मी तिला काय म्हटलं ते लिहिते, कारण राग फक्त काकांवरच आहे असं कुणाला वाटू नये. मी म्हटलं, गप्प बस, काकांना सगळं माहीत आहे. रेंजर वीस पावलांवर उभा होता. हॅट घालून. लोकांना वाटा सांगायचाच त्याला पगार मिळतो. पण काका असताना रेंजरला विचारायचं म्हणजे काकांचा अपमान, बाकी मंडळी ताटकळणार, त्यात माझी आई म्हणजे पाहुणी, पाहुणीने किती मागायचं. ही आपली भीड. सातासमुद्रापलीकडे आलो, सोफे टाकून दिले, गाड्या बदलल्या, ही मात्र जपून आणली. आई स्वतःच म्हणाली, जाऊ दे गं, सगळ्यांना उशीर नको माझ्यामुळे. आणि ती व्हॅनमध्ये चढून बसली.

मी खाली गेले. झाड बघितलं. काय सांगू, मला ते नीट आठवतही नाही. एवढं आठवतं की खोडाभोवती कुंपण होतं, आणि मी मनात मुलं उभी करत होते, आणि मुलं संपत होती. वरून कुठूनतरी लांब शिट्टी ऐकू आली. बारा मिनिटं झाली होती. वर आले तेव्हा व्हॅनचं दार उघडं टाकून आई आणि काका चहा पीत होते, आणि आई हातवारे करून काहीतरी सांगत होती. मला बघून म्हणाली, "बघितलंस ना तू? मग झालं." मी म्हटलं, हो. आणि टॉयलेटमध्ये जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी त्याच पार्कला लागून असलेलं कॅन्यन, आणि संध्याकाळी फ्रेस्नोहून परतीचं विमान. सकाळी गेटवर आदल्या दिवशीची एंट्रीची पावती मागितली. नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी, आणि काका मागे झोपलेले, तोंड उघडं. त्यांची काळी फाइल पुढे माझ्या पायाशी होती. त्या फाइलला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. मी लावला. पावती सापडली. पावतीच्या मागच्या खणात अपंगांच्या पार्किंगचं निळं कार्ड होतं, व्हीलचेअरचं चित्र असलेलं, गाडीच्या आरशाला अडकवतात ते. मुदत संपलेली नव्हती. आत घडी केलेला कागद होता, आणि त्यावर काकांचं नाव.

नवऱ्याने पावती दाखवली, पार्कचा नवा नकाशा घेतला, माझ्या मांडीवर टाकला. त्यात झाडापाशी, पायऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला, तेच निळं चित्र काढलेलं होतं. कार्ड असलेल्या गाड्यांसाठी वेगळं पार्किंग. तिथून झाडापर्यंत सपाट, डांबरी, छोटी वाट. लेक म्हणाली होती तसा, आज्यांसाठीचा रस्ता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रस्ता खाली खाली उतरत होता, दोन्हीकडे हजारो फुटांचे कडे, तळाशी नदी, मागे सगळे वा, वा करतायत, आणि मी मांडीवरच्या नकाशात त्या निळ्या चित्रावर बोट दाबून बसलेय. पहिल्या थांब्यावर सगळे कठड्याशी फोटो काढायला पळाले. काका नेहमीप्रमाणे व्हॅनला टेकून. मी कार्ड त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी आधी विचारलं, फाइलला हात कुणी लावला.

मी विचारलं, हे कुणाचं आहे.

"माझं. हळू बोल."

मग हळूहळू बाहेर आलं. पायांच्या शिरांचं दुखणं. शंभर पावलं चाललं की पोटऱ्या दगडासारख्या होतात, थांबावं लागतं. बरीच वर्षं झाली. म्हणजे आमच्या पहिल्या ट्रिपच्याही आधीपासून. मी हिशेब लावत गेले आणि मला ते तपकिरी बूट दिसले, स्वच्छ तळांचे. हा माणूस कुठेच उतरलेला नव्हता. कुठल्याच धबधब्याला नाही, कुठल्याच कड्यावर नाही. सात वेळा ह्या पार्कला आला आणि झाड ह्यानेही बघितलेलं नव्हतं. डावीकडचं जळकं खोड त्याने पुस्तकात वाचलं होतं.

"मग काल का नाही लावलंत कार्ड? आई अर्ध्या तासात बघून आली असती. तुम्हीही बघून आला असतात."

काकांनी कठड्याकडे पाहिलं. तिथे सगळे हसत होते. माझी आई माझ्या लेकीचा हात धरून दरीत वाकून बघत होती.

"ते आरशाला लटकवलं की पुढच्या वर्षी तुम्ही मला घेऊन जाणार," ते म्हणाले. "काका, हळू. काका, बसा. चार नंबर, मी तुम्हाला नेतो. मला कुणी न्यायचं नाही."

मी म्हटलं, व्हॅन फिरवा. आत्ता. त्यांनी घड्याळ पाहिलं. झाडापर्यंत परत दोन तासांच्या वर, विमान चुकलं असतं, बारा तिकिटं. ते बरोबरच होतं. त्यांचं वेळापत्रक कधी चुकत नाही. मग ते म्हणाले, कुणाला सांगू नकोस. आणि मला त्या क्षणी त्यांच्या गळ्यातली शिट्टी ओढून काढावीशी वाटली, दोरीसकट.

पण मी काय केलं? काही नाही. मी, नवरा, लेक आणि आई, आमची चार तिकिटं बदलून आम्ही एक दिवस राहू शकलो असतो. दुसऱ्या दिवशी माझं ऑफिसात रिलीज होतं. रिलीज! कुठल्या सॉफ्टवेअरचं होतं ते आज मला सांगता येणार नाही. कार्ड फाइलमध्ये ठेवलं, व्हॅनमध्ये बसले, आणि परत येईपर्यंत कुणाशी बोलले नाही. आईला वाटलं मला गाडी लागली. ती पाठीवरून हात फिरवत राहिली.

तीन आठवड्यांनी आई परत गेली. वर्षभरात एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते म्हणावं तसं बसलं नाही. आता ती काठी घेऊन गच्चीपर्यंत जाते. इथे येणं संपलं. कार्डाचं मी तिला सांगितलं नाही. काकांशी बोलणं टाकलं. गणपतीत एका रांगेत उभे असलो तर मी त्यांच्या ताटात मोदक वाढते, तूप वाढते, वर बघत नाही. काका मात्र दर जानेवारीला ट्रिपचं वेळापत्रक ईमेल करत राहिले. सीटची यादी असायची. चार नंबर आणि पाच नंबर रिकामे. गेल्या दोन वर्षांत ट्रिपच झाली नाही, तरी ईमेल आला. त्यात नुसत्या सीटा.

तर स्मरणिकेचं निमित्त. गोड अर्धं पान लिहायला आठवणी हव्यात म्हणून मी आईला फोन केला, आणि सहज विचारलं, त्या दिवशी व्हॅनमध्ये तुम्ही दोघं काय बोलत होतात. ती हसली. म्हणाली, अगं, मी त्यांना झाड दाखवत होते. मला कळेना. मग म्हणाली, त्यांनी मला सांगितलं होतं, वहिनी, मीही बघितलेलं नाही. पायांचंही सांगितलं. कुणाला बोलू नका म्हणाले, म्हणून मी बोलले नाही. मग मी त्यांना माझा धडा सांगितला, पार्किंगच्या गाड्या धरून. ही निळी गाडी ते ती पांढरी गाडी, एवढं खोड. फार मन लावून ऐकलं त्यांनी. रडले थोडे.

म्हणजे चार वर्षं हिने त्यांचं गुपित सांभाळलं. आणि त्यांनी पाय सांगितले, डोळ्यांतून पाणी काढलं, हिचा अख्खा धडा ऐकला, आणि फाइलमधल्या कार्डाबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही. फाइल दोघांच्या मध्ये सीटवर होती. माझा पुन्हा तोल गेला आणि मी सगळं सांगून टाकलं. कार्ड, नकाशा, सपाट वाट. ती किती छोटी होती तेसुद्धा.

ती वाट किती छोटी, ते आईने मला परत एकदा म्हणायला लावलं.

"मला राग आलाय," ती म्हणाली. शांतपणे. "त्यांचा आलाय आणि तुझाही आलाय. मी बसत बसत उतरले असते, मला तेव्हा कुणी विचारलं नाही." मग म्हणाली, "आता त्यांना घेऊन जा. मी जाऊ शकत नाही, ते जाऊ शकतात. कार्ड आरशाला लावायचं, फाइलमध्ये नाही. बाई म्हणून सांगतेय."

मी वाद घातला. मी का म्हणून न्यायचं? ज्या माणसाने तुझं झाड घालवलं, त्याला मी नेऊन दाखवू? ती म्हणाली, नेणं त्यांना नको आहे म्हणतेस ना, मग नेच. माझी आई तीस वर्षं सातवीला शिकवत होती. तिला शिक्षा देता येते.

काकांना फोन केला. आईने सांगितलंय, एवढंच म्हटलं. ते म्हणाले, विचार करतो. तासाभरात ईमेल आला. दोन माणसांचं वेळापत्रक. फ्रेस्नो, घाट, टॉयलेट सहा मिनिटं. झाडापाशी, बारा मिनिटं. काका ते काकाच.

गेल्या महिन्यात गेलो. आम्ही दोघंच. बाप-लेक समजून विमानात लोक कौतुकाने बघत होते, आणि मी रस्ताभर हो आणि नाही यापलीकडे बोलले नाही. ते बिचकत बिचकत थर्मास पुढे करायचे, मी नको म्हणायचे. घाटात त्यांनी फाइल उघडली, कार्ड काढलं आणि स्वतःच्या हाताने आरशाला अडकवलं. तीनदा निसटलं. मी मदत केली नाही. वेगळ्या पार्किंगला गाडी लावली, रेंजरने हात केला, काकांनीही केला. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. नेणारा असतो त्याच्याकडे शिट्टी असते, म्हणाले.

वाट खरंच सपाट होती. काका तीनदा थांबले, पोटऱ्या दाबल्या, परत चालले. वाटेवर दोन आज्या त्यांच्या पुढे निघून गेल्या, कुठल्या देशाच्या कोण जाणे, काठ्या टेकत, गप्पा मारत. मी त्यांच्या काठ्यांकडे बघत राहिले. इतकं सोपं होतं. इतकं सोपं होतं हो.

झाडासमोर काका कुंपणाला धरून उभे राहिले. वर बघितलंच नाही आधी. खाली बघत होते, बुंध्याशी. बोटाने काहीतरी मोजत कुंपणाच्या कडेकडेने सरकत होते. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेले तर पुटपुटत होते, पहिलं पोर इथे, दुसरं इथे, हा शिपाई. माझ्या आईचा वर्ग उभा करत होते. कुंपण वळून झाडामागे गेलं तसे तेही गेले, दिसेनासे झाले, आणि बऱ्याच वेळाने दुसऱ्या बाजूने आले. बूट धुळीने माखले होते.

"वहिनींना आणायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो. हवं होतं."

मी समजूत काढली नाही. जाऊ द्या काका, होतं असं, हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही आणि निघणारही नाही. ते परत झाडाकडे वळले, आता वर बघायला लागले, मान मागे, मागे, टोपी पडली तरी. मी घड्याळ बघत होते. तो माझा बेतच होता, खोटं कशाला बोलू. घरून निघाल्यापासून तो माझ्या मनात होता. बारा मिनिटं झाली आणि मी शिट्टी वाजवली. एक लांब. त्या दोन आज्या दचकल्या.

काका सवयीने वळले. चार पावलं माझ्याकडे चाललेसुद्धा. मग थांबले. जे वाक्य आम्ही सगळ्यांनी प्रत्येक दरीच्या काठावर त्यांना म्हटलं होतं, ते त्यांच्या तोंडून आलं.

"चार नंबर, अजून पाच मिनिटं दे."

त्यांचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. चार वर्षं तयार होतं. ते मी गिळलं, पण माफी म्हणून नाही, हे त्यांना कळावं म्हणून मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले.

"आईची बारा मिनिटं शिल्लक आहेत. त्यातली घ्या."